पट्टकादंब सैबेरियातूनच येतात का?

हिवाळ्यात भिगवण किंवा जायकवाडीच्या पाणथळीवर पट्टकादंबांचे थवे उतरले की ‘सैबेरियातून पाहुणे आले’ असे वर्षानुवर्षे छापले जाते, आणि त्यातूनच हे रानहंस भारतात कधीच अंडी घालत नाहीत, हा समज रूढ झाला आहे. तो खरा नाही.

डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा पक्षी मुख्यतः तिबेटचे पठार, मंगोलिया, किर्गिझस्तान अशा मध्य आशियाई उंच प्रदेशांत वीण करतो. मंगोलियात मानेला खुणेच्या पट्ट्या लावलेले पक्षी भारतात आढळल्याच्या नोंदी आहेत. शिवाय तो आपल्याच देशात, लडाखमधल्या त्सो मोरिरी या सुमारे ४५०० मीटर उंचीवरील सरोवराकाठीही वीण करतो.

घरटी बहुधा सरोवरातल्या लहान बेटांवर, जमिनीवरच असतात, कारण भोवतीच्या पाण्यामुळे कोल्ह्यांना तेथवर पोहोचणे अवघड जाते. मादी साधारण चार ते सहा अंडी घालते आणि जवळपास महिनाभर एकटीच उबवते. नर जवळ राहून पहारा देतो. पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यावर लवकरच घरटे सोडून स्वतः चरू लागतात, मात्र याच सुमारास मोठ्या पक्ष्यांची उडण्याची पिसे एकदम गळतात आणि काही आठवडे त्यांनाही उडता येत नाही. त्या दिवसांत मोकाट कुत्री काठावर फिरकली, तर पूर्ण वाढ झालेला पक्षीही पिल्लाइतकाच असहाय असतो.