मुल्की-गैरमुल्की : स्वतंत्र हैदराबादच्या दाव्यात रयत कुठे होती?

ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार नेली. दावा असा की हैदराबाद हा स्वतंत्र देश आहे. देश म्हणवायला लागणारे पुष्कळ काही त्याच्याजवळ होतेही. हाली शिक्का हे स्वतःचे चलन, टपाल तिकिटे, रेल्वे, फौज, सरहद्दीवर करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा मुलूख आणि १९४१ च्या खानेसुमारीप्रमाणे (जनगणनेप्रमाणे) १ कोटी ६३ लाख माणसे. या माणसांनी मान्य केलेली राज्यघटना मात्र नव्हती. मग इथला कोण, परका कोण आणि परक्याने इथला व्हायचे कसे, हे ठरत होते कशावरून? त्यासाठी सरकारी नोकरीच्या नियमांकडे वळावे लागते. दर १७ सप्टेंबरला मराठवाड्यात रझाकारांची (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांची) आणि पोलीस ॲक्शनची, म्हणजे भारताच्या लष्करी कारवाईची, उजळणी होते, पण हा धागा सहसा कोणी हाती घेत नाही.

त्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकात झाली. पहिले सालारजंग दिवाण असताना त्यांनी राज्यकारभाराची घडी नव्याने बसवली आणि त्यासाठी उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसे आणली. १८८४ च्या सुमारास दरबारी फारसीची जागा उर्दूने घेतली, तशी या पाहुण्या अधिकाऱ्यांची पकड आणखी घट्ट झाली. हैदराबाद शहरातल्या जुन्या घराण्यांना हे खुपले. मुल्की म्हणजे या मुलखातला आणि गैरमुल्की म्हणजे बाहेरचा, हे भांडण तिथून सुरू झाले. ते मुख्यतः शहरी, सुशिक्षित माणसांचे आणि खुर्च्यांसाठीचे भांडण होते. बीड-परभणीच्या कुळाला त्यात जागा नव्हती.

अखेर १९१९ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने मुल्की नियम पक्के झाले. जन्माने हैदराबाद संस्थानचा प्रजाजन असलेला तो मुल्की. ज्याच्या जन्माच्या वेळी बाप सरकारी नोकरीत होता आणि त्या नोकरीची १५ वर्षे भरली होती, तोही मुल्की. मुल्की पुरुषाची बायकोही मुल्की. बाहेरून आलेल्याने किमान १५ वर्षे संस्थानात कायम राहायचे आणि मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र ठरावीक नमुन्यात मॅजिस्ट्रेटपुढे करून द्यायचे. गैरमुल्कीला कोणत्याही सरकारी जागेवर, मोठ्या असो की छोट्या, घ्यायचे तर खुद्द निजामाची मंजुरी लागे.

वास्तव्याची मुदत, परत न जाण्याचा इरादा, सक्षम अधिकाऱ्यापुढची शपथ, जन्म आणि विवाह यांचे स्वतंत्र मार्ग, हा सगळा ऐवज आजच्या कोणत्याही देशाच्या नागरिकत्व कायद्यात सापडेल. म्हणजे मसुदा कच्चा मुळीच नव्हता. पण सगळे पार करून माणसाच्या हाती काय पडे? नोकरीसाठी अर्ज करण्याची पात्रता. मत नाही, सभा घेण्याचा हक्क नाही, कायदेमंडळात आवाज नाही. माझ्या मते हैदराबादच्या सगळ्या गोष्टीची गाठ इथेच आहे.

मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांना, म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबादला, या पात्रतेचाही फारसा उपयोग झाला नाही. इथला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्यांचा मुल्की. पण कचेरी उर्दूत, कोर्ट उर्दूत, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. संस्थानात उर्दू मातृभाषा असलेला दहांत एखादाच. मराठी घरातल्या मुलाला नियमाने दार उघडे होते, पण आत जायचे ते परक्या भाषेच्या उंबऱ्यावरून. काही मुले शिकलीही, उत्तम शिकली. बहुतेकांसाठी पुढचे शिक्षण म्हणजे पुणे, नागपूर किंवा विदर्भातली गावे. १९३८ च्या वंदे मातरम् सत्याग्रहात उस्मानियातून काढलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले, तेव्हा आपल्याच राज्याबाहेर जाऊन शिकायचे हे चित्र सगळ्या देशाला दिसले.

राजकारणाचेही तेच. गश्ती निशान ५३ या सरकारी परिपत्रकामुळे सभेला आधी परवानगी लागे. म्हणून हैदराबादच्या प्रजेच्या राजकीय परिषदा भरल्या काकीनाड्याला, मुंबईला, पुण्याला, अकोल्याला; म्हणजे निजामाच्या अमलाबाहेर. १९३५ च्या सुमारास निजाम प्रजा संघ उभा राहिला आणि हैदराबाद हैदराबादकरांचे ही भाषा धर्मापलीकडे जाऊ शकेल, अशी आशा काहींना वाटली. ती आशा खरी होती. पण १९३९ च्या सुधारणांत व्यवसायवार जागा ठेवून हिंदू आणि मुसलमानांना सारखे प्रतिनिधित्व दिले गेले. लोकसंख्येत मुसलमान आठांत एक असताना ही समानता हिंदूंना पटणे शक्य नव्हते, आणि इत्तेहादुल मुसलमीन या मुसलमानांच्या राजकीय संघटनेला तीही पुरेशी वाटली नाही.

देशाबाहेर या प्रजेची ओळख आणखी वेगळी होती. ब्रिटिश कायद्याच्या लेखी संस्थानी रयत ब्रिटिश प्रजाजन नव्हती. ती ब्रिटिशांचे संरक्षण लाभलेली माणसे होती. १५ ऑगस्ट १९४७ ला ब्रिटिशांचे अधिराज्य संपले, तसे हे छत्रही गेले. निजामाने जूनमध्येच स्वतंत्र राहण्याचे जाहीर केले होते. २९ नोव्हेंबरला भारताशी एका वर्षाचा जैसे थे करार झाला.

त्या वर्षात माणसे दोन्ही दिशांना हलली. फाळणीच्या भीतीने मध्यप्रांत, वऱ्हाड आणि इतर भागांतून मुसलमान कुटुंबे संस्थानात आली. त्यांतली बहुतेक जिवाच्या भीतीने आली होती हे मान्य केले पाहिजे. या येण्याने लोकसंख्येचे प्रमाण बदलण्याचा इत्तेहादचा डाव आहे, असा आरोपही तेव्हाच झाला. उलट दिशेने मराठवाड्यातली हिंदू कुटुंबे रझाकारांच्या दहशतीने सोलापूर, बार्शी, उमरखेड, मनमाडकडे निघाली. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी लातूरचा वकील. सरहद्दीवरच्या कॅम्पांतून स्टेट काँग्रेसचा सशस्त्र लढा चालला आणि करोडगिरीचे नाके जाळले गेले.

जून १९४८ मध्ये दिल्लीत तडजोडीचा मसुदा आकाराला आला. त्यात प्रौढ मतदानाने सार्वमत घेण्याची आणि घटना समिती बोलावण्याची तरतूद होती. निजामाने तो नाकारला. पण तो मान्य झाला असता तर पहिला तंटा मतदार यादीचाच पडला असता. नुकत्याच आलेल्या निर्वासिताला मत द्यायचे का? उमरखेडच्या कॅम्पात बसलेल्या नांदेडच्या शेतकऱ्याचे मत कुठे धरायचे? पंधरा वर्षांचा मुल्की नियम लावला तर पहिला बाहेर राहतो. मतदानाच्या दिवशी हजर असलेला तोच मतदार असे म्हटले तर दुसरा. नवे राष्ट्र मागणाऱ्याने या प्रश्नाचे उत्तर आधी द्यायचे असते. निजाम सरकारने ते कधी दिले नाही.

१३ ते १७ सप्टेंबरच्या लष्करी कारवाईनंतर प्रश्न उलटा फिरला. मराठवाड्यात, विशेषतः उस्मानाबाद आणि नांदेड जिल्ह्यांत, मुसलमानांच्या कत्तली झाल्या. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानभरातल्या मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. तो अहवाल कितीतरी दशके दडून राहिला. मुक्तीचा अभिमान बाळगणाऱ्या आपण हा आकडाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवा. त्याच काळात अरब आणि पठाणांपैकी अनेकांना परके ठरवून ताब्यात घेतले गेले आणि देशाबाहेर पाठवण्याचे प्रयत्न झाले. यांचे पूर्वज निजामाच्या पदरी शिपाईगिरीला आलेले. कित्येकांचा जन्म इथलाच, घरच्या बायका इथल्याच. कालचा मुल्की आज परका ठरायला एक आठवडा पुरला.

१९५० च्या भारतीय राज्यघटनेने यातला मोठा भाग मिटवला. पाचव्या अनुच्छेदाप्रमाणे भारतात अधिवास असलेला माणूस स्वतः इथे जन्मला असेल, आई किंवा बाप इथे जन्मला असेल, किंवा लगतची पाच वर्षे तो इथे राहत असेल, तर तो नागरिक. पंधराऐवजी पाच वर्षे, आणि सोबत मताचा हक्क. १९५२ च्या निवडणुकीत मराठवाड्याच्या गावोगावी माणसांनी पहिल्यांदाच आपले आमदार आणि खासदार निवडले.

नोकरीचे भांडण मात्र संपले नाही. १९५२ मध्येच वरंगळ आणि हैदराबादमध्ये गैरमुल्कींविरुद्ध आंदोलन पेटले, गोळीबार झाला. खोटे मुल्की दाखले काढले जातात ही मुख्य तक्रार होती. पुढे तेलंगणात हा प्रश्न १९६९ च्या आंदोलनातून, १९७२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून आणि शेवटी स्थानिकांच्या नोकऱ्यांसाठीच्या ३७१-ड अनुच्छेदातून गेला.

मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि या वाटेवरून बाजूला झाला. त्याआधी, मराठी भागांच्या एकत्र राज्यासाठी झालेल्या २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात, सरकारी नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे कलम होते. ३७१(२) अनुच्छेदातही विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राला राज्याच्या नोकऱ्यांत पुरेशी संधी देण्याची व्यवस्था राज्यपालांच्या विशेष जबाबदारीत येते. त्याच अनुच्छेदाखाली १९९४ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली.