संशयी मित्र: मध्यरात्री सर्व्हरचं दार ठोठावणारी स्क्रिप्ट

दूरच्या सर्व्हरला एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे काम करू देणाऱ्या पद्धतीने, पहिल्यांदा जोडलं, की काळ्या पडद्यावर एक प्रश्न उमटतो. या यंत्राची ओळख पटत नाही, त्याच्या किल्लीचा ठसा असा असा आहे, तरीही पुढे जायचं का? ठसा म्हणजे लहान-मोठी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मध्येच एखादं अधिकचं चिन्ह किंवा तिरकी रेघ, अशी 43 चिन्हांची ओळ. ती सहसा कुणी वाचत नाही. ‘यस’ टाईप करायचं, एंटर दाबायचं आणि कामाला लागायचं. मीही कित्येक वर्षं हेच केलं.

त्या प्रश्नासमोर निदान माणूस तरी बसलेला असतो. थांबावंसं वाटलं तर तो थांबू शकतो. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, मात्र रात्री दोन वाजता आपली आपण उठते, सर्व्हरला जोडते, दिवसभराचा डेटा तिथे ठेवते आणि संपते. तेव्हा ‘यस’ म्हणायला कुणी जागं नसतं. म्हणून उत्तर आधीच लिहून ठेवावं लागतं. आपण काय लिहून ठेवतो, यावर पुढची सगळी सुरक्षितता अवलंबून असते. ही ओळ घाईत लिहिली जाते, याची मला मनापासून काळजी वाटते.

एसएसएचचा जन्मच मुळी एका चोरीतून झाला. 1995 साली फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड टिपणारा प्रोग्रॅम बसवला होता. तो सापडला तेव्हा त्यात हजारो नावं आणि पासवर्ड साठलेले होते. हे सहज शक्य होतं, कारण त्या काळी दूरच्या यंत्रावर काम करायला टेलनेट आणि फाइली पाठवायला एफटीपी वापरत, आणि दोन्ही पासवर्ड जसाच्या तसा तारेवर सोडून देत. पोस्टकार्डावर तिजोरीचा आकडा लिहून पाठवण्यासारखंच ते. तातू इलोनेन या तिथल्याच संशोधकाने मग पर्यायी प्रोग्रॅम लिहिला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वांसाठी खुला केला. पोर्ट म्हणजे यंत्राच्या दाराचा क्रमांक. एफटीपीचा पोर्ट 21, टेलनेटचा 23, मधला 22 मोकळा होता. इलोनेन यांनी पोर्ट-क्रमांक वाटणाऱ्या संस्थेला साधी ईमेल केली आणि दुसऱ्याच दिवशी 22 त्यांच्या नावावर झाला. आज जगभरातले असंख्य सर्व्हर याच दारातून चालवले जातात. 1999 मध्ये ओपनबीएसडी ही संगणक-प्रणाली घडवणाऱ्या मंडळींनी एसएसएचची खुली आवृत्ती, ओपनएसएसएच, आणली, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या यंत्रावर तीच असते.

आता दाराशी नेमकं घडतं काय? दोन अनोळखी यंत्रं, मधली तार सगळ्यांना ऐकू येणारी, आणि तरीही दोघांना एक गुपित आकडा ठरवायचा आहे. हे कोडं 1976 साली व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी जाहीरपणे सोडवलं. छोट्या आकड्यांत करून बघू. दोघं उघडपणे ठरवतात: 3 आणि 17. माझी स्क्रिप्ट मनात 6 धरते. 3 चा सहावा घात 729, त्याला 17 ने भागून बाकी उरते 15. ती 15 पाठवते. सर्व्हर मनात 7 धरतो. 3 चा सातवा घात 2187, बाकी 11. तो 11 पाठवतो. आता स्क्रिप्ट आलेल्या 11 चा सहावा घात काढते, 17 ने भागते, बाकी 8. सर्व्हर आलेल्या 15 चा सातवा घात काढतो, 17 ने भागतो, बाकी पुन्हा 8. तारेवरून 3, 17, 15 आणि 11 गेले, 8 कधीच गेला नाही. कागद-पेन्सिल घेऊन एकदा करून पाहाच. बाकी जुळते तेव्हा मला अजूनही आनंद होतो.

17 सारख्या आकड्यात चोर सगळ्या शक्यता मिनिटभरात तपासेल. म्हणून खऱ्या वापरात संख्या अवाढव्य असतात. डॅनियल बर्नस्टाइन यांनी मांडलेली, आज सर्रास वापरली जाणारी वक्ररेषेची पद्धत 2 चा 255 वा घात वजा 19 या मूळ संख्येवर उभी आहे, आणि तिचं नावही त्यावरूनच, कर्व्ह 25519. उद्याच्या क्वांटम संगणकांनी ही गणितं फोडू नयेत म्हणून ओपनएसएसएचने 2022 पासून तिच्या जोडीला आणखी एक वेगळ्या घडणीची पद्धतही आपणहून लावायला सुरुवात केली आहे.

गुपित आकडा ठरला, की पुढची प्रत्येक पुडी, म्हणजे तारेवरून जाणारा डेटाचा छोटा तुकडा, सांकेतिक होऊन जाते आणि प्रत्येकीवर शिक्कामोर्तब होतं. हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. शिवकालीन पत्रांत वर राजाचा शिक्का असे आणि मजकूर संपला तिथे खाली मोर्तब. त्यावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरं असत. मजकुराची हद्द इथे संपली, याखाली कुणी ओळ घुसडू नये, हा त्याचा अर्थ. एसएसएचमध्ये पुडीचा मजकूर, तिचा अनुक्रमांक आणि दोघांचा गुपित आकडा मिळून हे मोर्तब तयार होतं. वाटेत एक अक्षर जरी बदललं तरी ते जुळत नाही आणि जोडणी तुटते. 2023 च्या डिसेंबरात जर्मनीतल्या रूर विद्यापीठाच्या संशोधकांनी यातली एक फट दाखवली. काही सांकेतिक पद्धती वापरल्या तर जोडणीच्या अगदी सुरुवातीच्या काही पुड्या गुपचूप गाळता येत होत्या. पत्राच्या शेवटावर पहारा होता, आरंभावर तो पुरेसा नव्हता. नव्या आवृत्त्यांनी ती फट बुजवली आहे.

एवढं सगळं झालं तरी एक प्रश्न तसाच राहतो. 8 हा आकडा मी ठरवला खरा, पण कुणाबरोबर? डिफी-हेलमनच्या गणिताला समोरच्याचं नाव ठाऊक नसतं. मध्ये कुणी बसला, तर तो माझ्याशी एक गुपित ठरवेल, खऱ्या सर्व्हरशी दुसरं, आणि दोन्हीकडचं सगळं वाचून पुढे ढकलत राहील. माझी जोडणी पूर्ण सांकेतिक, मोर्तबासकट, फक्त भलत्याच माणसाबरोबर.

म्हणून प्रत्येक सर्व्हरकडे स्वतःची एक किल्लीजोडी असते. खासगी किल्ली त्याच्याच डिस्कवर राहते, सार्वजनिक किल्ली तो सगळ्यांना दाखवतो. गुपित ठरवताना झालेल्या देवाणघेवाणीचा सारांश काढून सर्व्हर त्यावर खासगी किल्लीने सही करतो. सार्वजनिक किल्लीने ती सही पडताळता येते. मधल्या माणसाकडे ती खासगी किल्ली नसते, त्यामुळे त्याला सही जमत नाही. मात्र ही सार्वजनिक किल्ली खरंच आपल्या सर्व्हरची आहे, हे आपल्याला आधीपासून माहीत असलं पाहिजे. तो 43 चिन्हांचा ठसा म्हणजे या सार्वजनिक किल्लीचाच सारांश, आणि तो नेमका यासाठी असतो.

पायथनमध्ये हे काम करणारं सर्वात परिचित साधन म्हणजे पॅरामिको. नाव एस्पेरांतो भाषेतलं आहे, संशयग्रस्त आणि मित्र या अर्थाच्या दोन शब्दांची जोड. मला हे नाव फार आवडतं, कारण स्क्रिप्टला असाच संशयी मित्र हवा. आणि पॅरामिको मुळात तसाच आहे. ओळखीच्या यादीत नसलेला सर्व्हर समोर आला, तर तो आपणहून जोडणी नाकारतो. या वागण्याला रिजेक्ट पॉलिसी म्हणतात आणि काही न सांगता तीच लागू असते.

आता इंटरनेटवर शोधून सापडणारी उदाहरणं बघा. जोडणीच्या आधी जवळजवळ हमखास एक ओळ दिसते: ऑटो अ‍ॅड पॉलिसी लावा. म्हणजे अनोळखी कुणीही आला तरी ओळखीचा समज. त्या ओळीशिवाय उदाहरण पहिल्या फटक्यात चालत नाही, म्हणून ती टाकली जाते. त्यातून आणखी एक गोष्ट घडते, जी पटकन लक्षात येत नाही. ओळखीची यादी फाइलमधून वाचून घेण्याची वेगळी ओळ असते, ती बहुधा कुणी लिहीत नाही. यादी वाचली असती, तर नोंदीतल्या सर्व्हरची किल्ली बदलल्यावर ऑटो अ‍ॅड असूनही पॅरामिको अडला असता. यादीच नसेल तर स्क्रिप्टला काल रात्रीचं काही आठवत नाही. रोज रात्री तिच्यासाठी सर्व्हर नवा, आणि रोज रात्री ती ‘यस’ म्हणते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी पुण्यात एका छोट्या कंपनीत काम करत असताना रात्रीच्या बॅकअपची स्क्रिप्ट मी लिहिली होती, वरच्याच दोन चुकांसकट आणि पासवर्डही स्क्रिप्टमध्येच. पुढे बॅकअपचा भाड्याचा सर्व्हर सोडून दिला, नवा घेतला, पण स्क्रिप्ट ज्या नावाने सर्व्हर शोधायची, त्या नावापुढचा जुना पत्ता बदलायचा राहिला. भाड्याच्या सर्व्हरचे पत्ते रिकामे पडून राहत नाहीत, ते पुढच्या गिऱ्हाइकाला मिळतात. स्क्रिप्टच्या नोंदींची फाइल, म्हणजे लॉग, उघडला तेव्हा सलग 19 रात्री एकच ओळ होती: पासवर्ड नाकारला. मला आधी हायसं वाटलं, डेटा कुठे गेला नाही. मग थंडगार घाम फुटला. एसएसएचमध्ये पासवर्ड सांकेतिक नळीतून जातो खरा, पण नळीच्या पलीकडच्या टोकाला तो जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणजे 19 रात्री आम्ही आमचा पासवर्ड एका परक्या यंत्राच्या हातात ठेवला होता, आणि तोच पासवर्ड आणखी दोन सर्व्हरांवर चालत होता. त्या गिऱ्हाइकाने काही केलं नाही. पण ते त्याच्या मर्जीवर होतं.

तेव्हापासून स्क्रिप्टमध्ये पासवर्ड मी ठेवत नाही. किल्लीजोडीने लॉगिन करताना खासगी किल्ली आपल्या यंत्राबाहेर जातच नाही, जाते ती फक्त सही. आणि ती सही त्या एका जोडणीच्या सारांशाशी बांधलेली असते, त्यामुळे खोट्या सर्व्हरने ती झेलून खऱ्या सर्व्हरला दाखवली तरी चालत नाही. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. खोटा सर्व्हर सही न तपासताच ‘या, आत या’ म्हणू शकतो, आणि मग स्क्रिप्ट आनंदाने सगळा बॅकअप त्याच्या डिस्कवर ओतेल. सर्व्हरची ओळख पटवण्याला पर्याय नाही.

किल्ली खरंच बदलली तर? 24 मार्च 2023 ला हे जगभर एकदम घडलं. प्रोग्रॅमर आपले प्रोग्रॅम जिथे ठेवतात त्या गिटहब या संकेतस्थळाची एक खासगी किल्ली (आरएसए प्रकारची) थोडा वेळ एका सार्वजनिक ठिकाणी उघडी पडली होती, म्हणून त्यांनी ती तातडीने बदलली. त्या दिवशी अनेकांच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत इशारा आला, की समोरच्याची ओळख बदलली आहे, कुणीतरी वाईट काही करत असण्याची शक्यता आहे. स्वयंचलित कामं ठप्प झाली, लोक वैतागले. मला वाटतं, त्या दिवशी ज्यांच्या स्क्रिप्ट अडल्या त्यांच्या स्क्रिप्ट बरोबर लिहिलेल्या होत्या. गिटहबने नवा ठसा आपल्या संकेतस्थळावर छापला, लोकांनी तो ताडून पाहिला, यादीत बदलला आणि काम सुरू झालं. ज्यांनी तपासणी बंद ठेवली होती, त्यांना त्या दिवशी काहीच दिसलं नाही.

दाराच्या पलीकडच्या बाजूनेही थोडं करता येतं. सर्व्हरवर ज्या फाइलीत परवानगी असलेल्या किल्ल्या लिहितात, तिथे किल्लीच्या आधी अटी घालता येतात. ही किल्ली याच पत्त्यावरून चालेल, हिने एवढा एकच हुकूम चालेल, बाकी काही नाही. रात्रीच्या स्क्रिप्टच्या किल्लीला सांकेतिक वाक्याचं कुलूप बहुधा लावता येत नाही, कारण ते उघडायला कुणी जागं नसतं. म्हणून ती चोरीला गेली तरी तिने फारसं काही होऊ नये, अशी तजवीज सर्व्हरवर करून ठेवायची.

राहिला पहिला ठसा. तो आणायचा कुठून? त्याच नेटवर्कवरून सर्व्हरला विचारून किल्ली उतरवून घेणारा एक हुकूम आहे, आणि पुष्कळजण तोच वापरतात. पण मध्ये कुणी बसला असेल, तर तोच आपली किल्ली हसत हसत देईल. ठसा दुसऱ्या वाटेने यायला हवा. भाड्याच्या सर्व्हरचा कन्सोल, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा पडदा, ब्राउझरमध्ये उघडला, तर पहिल्यांदा चालू होताना छापलेला ठसा बऱ्याचदा तिथे सापडतो. सर्व्हर शेकड्यांनी असतील तर एका विश्वासू किल्लीने सगळ्यांच्या किल्ल्यांवर सही करणाऱ्या प्रमाणपत्रांची सोय आहे. आमचे तेव्हा चारच होते.

त्या चारांचे ठसे आम्ही फोनवरून पडताळले. सर्व्हर सांभाळणाऱ्या मॅडम नाशिकला, कन्सोलसमोर. मी पुण्यात, फाइल उघडून.

“सर, वाचू का? कॅपिटल क्यू, स्मॉल एम, सात, कॅपिटल टी, प्लस...”

“थांबा, प्लस की तिरकी रेघ?”

“प्लस. पुढे स्मॉल एक्स, शून्य.”

“शून्य की ओ?”

“शून्य. ओ असता तर कॅपिटल ओ म्हटलं असतं.”

चार ठशांना वीस मिनिटं लागली. तिसऱ्या सर्व्हरचा ठसा पहिल्याच चिन्हाला जुळेना. मॅडमनी पुन्हा वाचला, तरी नाही. मग कळलं, मी चौथ्याची ओळ बघत होतो. ओळ बदलली, पहिल्यापासून सगळा परत वाचला, शेवटचं चिन्ह जुळलं, आणि मी ऑटो अ‍ॅडची ओळ स्क्रिप्टमधून खोडली.