कौटुंबिक उद्योगांतील भाऊबंदकी

एकाच कुटुंबाच्या मालकीच्या उद्योगात सत्ता, पैसा किंवा वारसा यांवरून नातेवाइकांमध्ये होणारा संघर्ष. वाद वरकरणी धंद्याचा दिसतो: नवा कारखाना काढायचा का, कर्ज किती उचलायचे. मुळाशी मात्र बहुधा भूमिकांची सरमिसळ असते. बैठकीत बोलणारा माणूस भाऊ म्हणून बोलतो, भागधारक म्हणून की व्यवस्थापक म्हणून, हे त्यालाही उमगत नाही. रेनातो ताग्युरी आणि जॉन डेव्हिस यांनी हार्वर्डमध्ये १९७८ च्या सुमारास मांडलेले तीन वर्तुळांचे प्रतिमान (कुटुंब, मालकी, व्यवसाय) नेमके याच सरमिसळीवर बेतलेले आहे.

संस्थापक हयात असेपर्यंत त्याचा शब्द अखेरचा असतो. भावंडांच्या पिढीत वाटे सारखे होतात, कामे होत नाहीत. चुलत भावंडांपर्यंत तर काहींचा संबंध लाभांशापुरताच उरतो. धंदा सांभाळणाऱ्यांना नफा पुन्हा गुंतवायचा असतो, बाकीच्यांना तो हातात हवा असतो. निम्मी-निम्मी मालकी न्याय्य वाटली तरी मतभेदात तीच सर्वांत अडचणीची ठरते, कारण ठराव कोणत्याच बाजूने होत नाही.

कोर्टकचेरीचा खर्च डोळ्यांत भरतो, पण रखडलेले निर्णय त्याहून महागात पडतात. बँका हात आखडता घेतात, नात्याबाहेरच्या अधिकाऱ्यांना गट निवडावा लागतो आणि त्यांतले चांगले आधी निघून जातात. इटलीतील फॅशन उद्योग चालवणाऱ्या गुची घराण्यातील दीर्घ कलहाचा शेवट १९९३ मध्ये घराण्याची मालकी पूर्णपणे संपण्यात झाला. फूट म्हणजे नाशच, असे मात्र नाही. जर्मनीतील हर्त्सोगेनाउराख येथे बूट बनवणारे डास्लर बंधू १९४८ मध्ये वेगळे झाले आणि एकाच गावातून पूमा व आदिदास हे दोन जागतिक उद्योग उभे राहिले.

मृत्युपत्र, समभागांची किंमत ठरवण्याची आधीच मान्य केलेली रीत आणि स्वतंत्र संचालक हे नेहमीचे उपाय. घरातल्या घरात केलेल्या समझोत्याची ताकद मात्र मर्यादित असते. धीरूभाई अंबानी २००२ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. मुकेश आणि अनिल यांच्यात आई कोकिलाबेन यांच्या मध्यस्थीने २००५ मध्ये वाटणी झाली. पुढे नैसर्गिक वायूच्या पुरवठ्यावरून दोन्ही गट न्यायालयात गेले. कुटुंबातील हा खासगी करार कंपनीवर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले.