फोम, मोटारीतील

मोटारीची बैठक, पाठ, मानेची उशी आणि छताचे अस्तर यांत भरलेला, बारीक पोकळ्यांनी फुललेला प्लास्टिक पदार्थ. बैठकीत तो बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. हे रसायन जर्मनीत ऑटो बायर व सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये शोधले. मऊ फोम बाजारात आला तो १९५० च्या दशकात. त्याआधी गाडीच्या गादीत स्प्रिंगा, काथ्या, घोड्याचे केस आणि लॅटेक्स असे.

पॉलिऑल व आयसोसायनेट हे द्रव साच्यात ओततात. मिश्रणातल्या थोड्या पाण्याची आयसोसायनेटशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि सगळे फुगून येते. इडलीच्या पिठाला रात्र लागते, याला काही मिनिटे. साच्यातून निघालेली गादी लगेच रोलरखाली चेपतात. पोकळ्यांचे पडदे फुटून वायू निघून गेला नाही, तर गार होताना गादी आक्रसते.

इंदूरजवळ पिथमपूरला ट्रक-बस तयार होतात. पण इंदूरकराची फोमशी गाठ पडते ती जुन्या गाडीची सीट बसल्यावर, सीटवाल्याच्या दुकानात. चालकाच्या सीटची दाराकडची कड आधी जाते, कारण चढता-उतरता ती रोज घासते. दुकानात माल ‘बत्तीस’, ‘चाळीस’ अशा आकड्यांनी मागतात. हा आकडा घनतेचा, घनमीटरला किलो. म्हणजे चाळीसचा दहा सेंटिमीटर बाजूचा ठोकळा ४० ग्रॅम भरतो. ‘कडक हवा, चाळीसचा द्या,’ म्हणणारे गिऱ्हाईक इथेच फसते. घनता वाढली की फोम सहसा जास्त टिकतो. कडकपणा मात्र वेगळा मोजतात, ठराविक खोलीपर्यंत दाबायला किती जोर लागतो त्यावरून. चाळीसचा फोम मऊही मिळतो. जाणता कारागीर खाली कडक आणि वर मऊ असे दोन थर चिकटवतो.

डॅशबोर्डच्या कातडीखाली अर्धकडक फोम असतो, बंपरमागे बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीनच्या मण्यांचा. त्याचे काम धक्का शोषण्याचे.

पॉलियुरेथेन सहज पेटतो. अमेरिकी नियमानुसार गाडीच्या आतले साहित्य मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने जळता कामा नये. भारतात यासाठी आयएस १५०६१ हे मानक आहे. सुटा तुकडा कापून बसवताना हे क्वचितच कोणी विचारते.

कातरणांचा चुरा डिंकाने दाबून केलेला रंगीबेरंगी फोम स्वस्त पडतो. तो जड असतो, त्यामुळे वजनावरून दर्जा ठरवणाऱ्याला भारी वाटतो. टेम्पोच्या बाकाला चालतो, रोज तासन्‌तास चालवणाऱ्याच्या सीटला घालू नये.