कुत्र्याचं औषध मांजरीला ‘अर्धं’ चालतं?

पावसात पिसवांना ऊत आला की डिचोली-फोंड्याकडे जुना सल्ला पुन्हा फिरतो: कुत्र्याचं पिसवांचं औषध आहे ना घरात, मग अर्धं मांजरीच्या मानेवर घाल. साफ चूक! कुत्र्यांच्या मानेवर घालायच्या अशा अनेक औषधी थेंबांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. कुत्र्याच्या यकृताला ते मोडून निष्प्रभ करता येतं, मांजरीच्या यकृताला हे नीट जमत नाही. काही तासांत कान फडफडतात, अंग थरथरतं, मग झटके, जीवही जातो. चुकून लागलंच तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा आणि थेट पशुवैद्य गाठा.

म्हणून ‘सगळीच औषधं विष’ असंही नाही. मांजरींसाठीचं फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन हे पिसवांचं औषध वय-वजन बघून दिलं तर बहुतेकींना मानवतं. आजीबाईंचा कापूर मात्र नको, तोही मांजरीला विषारीच.