रोजची १३ ग्रॅम कोळंबी : तेलगळतीनंतरच्या मासळीच्या वादाची पार्श्वभूमी

मेक्सिकोच्या आखातात २०१० साली समुद्रतळावरची बीपी कंपनीची विहीर फुटून झालेल्या तेलगळतीचा विषय निघाला की मासळीपुरती गोष्ट दोन वाक्यांत संपवली जाते. अमेरिकी सरकारने हजारो नमुने तपासले, ते स्वच्छ निघाले. तरी लोक उगाच घाबरले. ही मांडणी किनाऱ्यावरच्या लोकांवर अन्याय करणारी आहे. त्यांच्यापैकी अनेकांना प्रयोगशाळेतल्या यंत्रांबद्दल तक्रार नव्हतीच. नमुना यंत्रात जाण्याआधी कागदावर जो हिशेब मांडला गेला, त्यात आपण कुठेच नाही, हे त्यांचे म्हणणे होते. तो हिशेब कसा झाला हे पाहिल्याशिवाय पुढची काही वर्षे चाललेली ओढाताण कळत नाही.

तेल सांडल्यावर मासळीचे काय होते, हा प्रश्न बराच काळ वासाचा आणि चवीचा मानला गेला. १९६७ साली इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला टोरी कॅन्यन हे जहाज फुटले, तेव्हा सगळे लक्ष तवंग हटवण्याकडे होते आणि त्यासाठी ओतलेली रसायने तेलापेक्षाही सागरी जिवांना घातक ठरली. १९७८ साली फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर आमोको कादिझ या जहाजातून सव्वादोन लाख टनांच्या आसपास तेल गेले. तिथल्या खाड्यांत कालवांची शेती करणाऱ्यांना आपला माल नष्ट करावा लागला. कालवाला तेलाचा वास लागला की ते विकले जात नाही, एवढे सगळ्यांना ठाऊक होते. ते खाल्ल्याने पुढे काय होईल, याची पद्धतशीर मांडणी अजून व्हायची होती.

ती वेळ अलास्काने आणली. २४ मार्च १९८९ रोजी एक्झॉन वाल्डीझ हे तेलवाहू जहाज खडकावर चढले आणि १ कोटी गॅलनहून अधिक कच्चे तेल प्रिन्स विल्यम साउंडमध्ये पसरले. तिथल्या आदिवासी गावांत मासळी बाजारातून आणत नाहीत. सामन, सील, शिंपले हेच वर्षभराचे अन्न. त्या वर्षी अनेक गावांनी समुद्रातून अन्न गोळा करणे निम्म्याहूनही कमी केले. तपासणी झाली आणि निष्कर्ष धीर देणारे आले : मासे ठीक आहेत, फक्त तेल लागलेल्या किनाऱ्यावरचे शिंपले टाळा. ते समजावून सांगताना एक तुलना पुढे आली, की तुमच्याच घरी धुरावर सुकवलेल्या सामनमध्ये कर्करोगकारक घटक या माशांपेक्षा जास्त आहेत. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते खरे होते. पण ज्यांचा समुद्र दुसऱ्याने घाण केला, त्यांना त्यांच्या पूर्वापार अन्नातले दोष दाखवणे हा संवादाचा भाग कसा असू शकतो, हे मला आजही समजत नाही.

चार वर्षांनी, जानेवारी १९९३मध्ये, स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांजवळ ब्रेअर जहाज फुटले. तिथे अधिकाऱ्यांनी पाण्याचा एक पट्टा आखून त्यातली मासेमारी बंद केली आणि पट्ट्यातल्या पिंजऱ्यांतले सामन नष्ट केले. सामान्य माशांवरची बंदी लवकर उठली, शिंपले आणि नॉर्वे लॉब्स्टर यांच्यावरची मात्र २०००पर्यंत टिकली. एवढा फरक का, हे या प्राण्यांच्या शरीरात दडलेले आहे. कच्च्या तेलातले जे घटक आरोग्याला घातक, ते म्हणजे पीएएच (पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन) या गटातले घटक. मासा त्यांचे यकृतात विघटन करून पित्तावाटे बाहेर टाकतो. कोळंबी आणि खेकडा हे काम करतात, पण सावकाश. कालवे आणि शिंपले पाणी गाळून जगतात आणि गाळातून आलेले हे घटक त्यांना फारसे मोडता येत नाहीत.

या सगळ्या अनुभवावरून २००१-०२च्या सुमारास अमेरिकेत मार्गदर्शक पुस्तिका तयार झाल्या : आधी वास, मग रसायन. २०१०मध्ये याच पुस्तिका कपाटातून निघाल्या.

२ मे २०१० रोजी केंद्र सरकारने आखातातला पहिला पट्टा मासेमारीसाठी बंद केला. २ जूनला बंद क्षेत्र ८८,५२२ चौरस मैलांवर गेले; म्हणजे सुमारे २ लाख २९ हजार चौरस किलोमीटर, आखातातल्या केंद्राच्या अखत्यारीतील पाण्याचा एक तृतीयांशाहून मोठा भाग. बंदीचा निर्णय झटपट झाला आणि तो योग्यच होता. खरा वाद पाणी पुन्हा उघडण्याच्या निकषांवरून पेटला.

पहिली चाळणी नाकाची होती. मिसिसिपी राज्यातल्या पास्कागूला इथे प्रशिक्षित परीक्षक बसत. समोर सांकेतिक क्रमांक लावलेले नमुने. कुठला मासा कुठल्या पाण्यातला, हे त्यांना ठाऊक नसे. आधी कच्च्या मांसाचा वास, मग शिजवलेल्याचा, आणि शेवटी घास घेऊन चव. किमान १० परीक्षकांपैकी ७० टक्के जणांना तेलाचा मागमूस लागला नाही, तर नमुना पुढे जाई. "सरकार मासे हुंगून सोडते आहे" अशी त्या वेळी खिल्ली उडवली गेली, ती मला पटत नाही. तयार नाक तेलाचा फार बारीक अंश पकडते. मात्र त्याची हद्दही स्पष्ट आहे : वास येतो तो तेलातल्या हलक्या, उडून जाणाऱ्या घटकांचा. कर्करोगाच्या दृष्टीने ज्यांची धास्ती, ते जड घटक जवळपास निर्गंध असतात. म्हणून दुसरी चाळणी रसायनाची, १३ पीएएच मोजणारी. आणि मोजलेला आकडा ज्या मर्यादेशी ताडून पाहायचा, ती मर्यादाच पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ ठरली.

अशी मर्यादा निसर्गात सापडत नाही, ती काही गृहीतकांवरून काढावी लागते. खाणारा माणूस केवढा, तो किती खातो, किती वर्षे खातो, आणि कर्करोगाचा किती जादा धोका आपण चालवून घेणार. केंद्रीय अन्न-औषध यंत्रणेने धरले ते असे : वजन ८० किलो. कोळंबी किंवा खेकडा रोज १३ ग्रॅम, कालवे १२ ग्रॅम, मासे ४९ ग्रॅम. प्रदूषित मासळी खाण्याचा काळ ५ वर्षे. जादा धोका १ लाखात १. त्यातून मर्यादा निघाल्या, सगळ्या पीएएचचा एकत्र धोका बेंझोपायरीन या त्यांतल्याच एका कर्करोगकारक घटकाच्या मापात मोजून : माशांसाठी अब्जात ३५ भाग, कोळंबी-खेकड्यांसाठी १३२, कालवांसाठी १४३.

रोज १३ ग्रॅम म्हणजे आठवड्याला ९१ ग्रॅम कोळंबी. देशभर मासळी खाणाऱ्यांची पाहणी करून, त्यातही जास्त खाणाऱ्यांचा आकडा घेतला, असे यंत्रणेचे स्पष्टीकरण होते आणि ते खोटे नव्हते. पण हा आकडा देशाचा होता. लुईझियानाच्या दलदलीत, मिसिसिपी राज्यातल्या बिलॉक्सीच्या धक्क्यावर, व्हिएतनामी वंशाच्या कोळंबी पकडणाऱ्या कुटुंबांत जे ताटात पडते, त्याचा तो आकडा नव्हता. जो दिवसभर जाळे ओढतो, त्याच्या घरी ९१ ग्रॅम एका जेवणात संपते.

आता या गृहीतकांना थोडे हलवून पाहू. बाकी सगळे तेच ठेवून कोळंबीचे प्रमाण चौपट धरले, तर १३२ची मर्यादा ३३वर येते. वजन ८०ऐवजी ६० किलो धरले, तर २५च्या आसपास. आणि धोका १ लाखात १ऐवजी १० लाखांत १ असा कडक धरला, जसा आधीच्या काही तेलगळतींच्या वेळी धरला होता, तर मर्यादा अडीचवर जाते. यात प्रयोगशाळेचा, यंत्राचा, नमुन्याचा काही संबंध नाही. फक्त खाणारा माणूस आणि चालवून घेतलेला धोका बदलला. युरोपात २००५मध्ये ठरलेल्या मर्यादा माशांसाठी अब्जात २ भाग, खेकडावर्गीयांसाठी ५ आणि शिंपलेवर्गीयांसाठी १० होत्या. त्या एकट्या बेंझोपायरीनच्या असल्यामुळे थेट तुलना होत नाही, तरी किनाऱ्यावरच्या सभांमध्ये हे आकडे शेजारी शेजारी ठेवले जात आणि त्यावर अधिकाऱ्यांकडून चटकन समजेल असे उत्तर मिळत नसे.

२०११च्या ऑक्टोबरात एका पर्यावरणवादी संघटनेच्या शास्त्रज्ञांनी या हिशेबाची जाहीर चिरफाड केली. गर्भातले बाळ आणि लहान मुले यांचा विचार नाही, खाण्याचे प्रमाण किनाऱ्याला लागू नाही, पाच वर्षांचा काळ अपुरा, मान्य केलेला धोका जास्त. त्यांनी काढलेल्या मर्यादा सरकारी मर्यादांपेक्षा शंभर ते दहा हजार पटींनी खाली होत्या. भरपूर मासळी खाणाऱ्या गरोदर बाईचा विचार केला, तर कोळंबीच्या ५३ टक्क्यांपर्यंत नमुने त्या मर्यादेबाहेर जातात, असे त्यांनी म्हटले. यंत्रणेचे प्रत्युत्तर दुसऱ्या टोकाचे होते : मोजलेले प्रमाण इतके नगण्य आहे, की एखाद्याने रोज ६३ पौंड सोललेली कोळंबी पाच वर्षे खाल्ली तरी मर्यादा ओलांडली जाणार नाही. ६३ पौंड म्हणजे साडेअठ्ठावीस किलो.

दोन्ही विधाने आपापल्या गृहीतकांत बरोबर असू शकतात, आणि अडचण तीच आहे. टीकाकारांनी सगळीकडे सर्वांत कडक आकडा घेतला, त्यामुळे त्यांची मर्यादा इतकी खाली गेली की गळती न झालेल्या पाण्यातली मासळीही तिथे अडखळली असती. पण साडेअठ्ठावीस किलोचे उत्तर मला जास्त खटकते. विचारणारी बाई गरोदर होती, आठवड्यातून चार-पाचदा कोळंबी खात होती आणि तिला तिच्याबद्दल आकडा हवा होता. तिला अशक्य खादाडीचे उदाहरण देऊन परत पाठवणे म्हणजे तिचा प्रश्न ऐकलाच नाही असे होते.

तेल विरघळवणाऱ्या रसायनांचे प्रकरणही असेच मागून धावले. सुमारे १८ लाख गॅलन फवारले गेले, त्यातला मोठा भाग थेट समुद्रतळाशी, दीड किलोमीटर खोल विहिरीच्या तोंडाशी. इतक्या खोलवर इतक्या प्रमाणात असा वापर आधी झालेला नव्हता. २०१०च्या जुलैत पाणी उघडायला सुरुवात झाली. मासळीत या रसायनाचा अंश मोजण्याची चाचणी जाहीर झाली २९ ऑक्टोबरला. निकाल चांगला होता : १,७३५ नमुन्यांपैकी १३मध्ये अंशमात्र, तेही मर्यादेच्या खूप खाली. पण मासळी आधी बाजारात आणि चाचणी नंतर, हा क्रम लोकांच्या लक्षात राहिला. त्यात नोव्हेंबरमध्ये खोल पाण्यातली रॉयल रेड कोळंबी पकडणाऱ्या एकाच्या जाळ्यात तेलाचे डांबरगोळे आले आणि उघडलेल्या पाण्यापैकी ४,२१३ चौरस मैल त्या मासेमारीपुरते पुन्हा बंद करावे लागले. अखेरचा पट्टा १९ एप्रिल २०११ला उघडला, दुर्घटनेच्या वर्षपूर्तीच्या आदल्या दिवशी.

कालवांची कथा सर्वांत विदारक आहे आणि ती फार कमी सांगितली जाते. तेल दलदलीत शिरू नये म्हणून लुईझियानात मिसिसिपी नदीचे गोडे पाणी बांधांतून सोडले गेले. पाण्याचा खारेपणा उतरला आणि कालवांचे ताटवेच्या ताटवे मेले. ते तेलाने मेले नव्हते, पण खाणाऱ्याला आणि विकणाऱ्याला त्याने काय फरक पडणार होता? बाजारात कालवे नाहीत, याचा अर्थ लोकांनी आपापल्या परीने लावला.

दरम्यान विश्वास परत आणण्यासाठी जे झाले, त्यात पैशाची वाटणी पाहण्यासारखी आहे. तेल कंपनीने लुईझियानाला मासळीच्या तपासणीसाठी १ कोटी ८० लाख डॉलर द्यायचे कबूल केले आणि मासळीच्या जाहिरातीसाठी ३ कोटी. राष्ट्राध्यक्षांनी किनाऱ्यावर येऊन कोळंबी खाल्ली, तिची छायाचित्रे छापून आली. मच्छीमारांना गिऱ्हाईक हवे होते, त्यामुळे जाहिरात चुकीची म्हणता येत नाही. पण तपासणीपेक्षा जाहिरातीला जास्त पैसा दिसला की ज्याच्या मनात शंका आहे त्याची शंका वाढते.

२०११च्या आसपास अंगावर व्रण असलेले स्नॅपर मासे जाळ्यांत येऊ लागले आणि त्यांची चर्चा झाली. नंतरच्या संशोधनाने या व्रणांचा संबंध तेलाशी असण्याची शक्यता दाखवली. माशांच्या पित्तात पीएएचचे अवशेष होते, मांसात मात्र नगण्य. २०११ ते २०१८ या काळात आखातातल्या ९१ जातींचे मासे तपासले गेले, तेव्हाही पित्तात तेलाच्या खुणा सर्वत्र मिळाल्या. मासा आजारी आणि त्याचे मांस खाण्याजोगे, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. यकृत आपले काम करत असते, त्याची किंमत मासा मोजतो. पण व्रण पडलेला मासा हातात घेतलेल्या माणसाला तुम्ही मांसातल्या अब्जांशांचा तक्ता दाखवलात, तर तो तक्ता बाजूला ठेवेल. त्याला दोष देता येणार नाही.

आग्नेय लुईझियानातल्या व्हिएतनामी-अमेरिकन कुटुंबांच्या ताटात प्रत्यक्ष किती कोळंबी पडते, हे त्यांनाच विचारून आणि तिथलीच कोळंबी तपासून केलेला अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या खऱ्या प्रमाणाने हिशेब केला तरी कोळंबीतल्या पीएएचपासून चिंता करावी असा जादा धोका दिसला नाही. निष्कर्ष सरकारच्या बाजूचा होता, पद्धत मात्र किनाऱ्याने पहिल्या उन्हाळ्यापासून मागितलेली. तोवर पाणी उघडून चार वर्षे झाली होती आणि ज्या गरोदर बायकांनी २०१०मध्ये हा प्रश्न विचारला, त्यांची मुले शाळेत जाऊ लागली होती.