घर थंड आहे हे शरीराला कळत नाही तेव्हा

थंडीच्या दिवसांत एखाद्या आजींच्या खोलीत पाऊल टाकताच आपल्याला हुडहुडी भरते आणि आजी मात्र ‘मला नाही गार वाटत, सवय झाली आहे’ असे सांगतात. त्या खोटे बोलत नसतात. वय वाढते तशी त्वचेची तापमान ओळखण्याची क्षमता मंदावते, थंडी लागताच त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसून उष्णता राखून ठेवण्याची क्रिया उशिरा आणि अपुरी होते, आणि कंप सुटून ज्या स्नायूंनी उष्णता निर्माण करायची ते स्नायूच घटलेले असतात. मात्र जाणीव झाली नाही म्हणून परिणाम टळत नाही. गारठ्यात रक्तदाब वाढतो आणि रक्त अधिक दाट होते. म्हणूनच थंडीशी निगडित मृत्यूंपैकी बहुतेक शरीर गारठल्यामुळे होत नाहीत, तर हृदयाच्या, मेंदूच्या किंवा श्वसनाच्या विकारांनी होतात, आणि त्यांची नोंद होते त्या कागदावर घराचा उल्लेख कुठेही येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये समशीतोष्ण आणि थंड प्रदेशांतील घरांसाठी किमान 18 अंश सेल्सिअस तापमानाची शिफारस केली, आणि वृद्धांसाठी ते याहून अधिक असावे लागेल असेही नमूद केले. हवामानापेक्षा घराचा दोष किती मोठा असू शकतो, हे चौदा युरोपीय देशांच्या एका तुलनेत दिसले. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षातल्या इतर महिन्यांच्या तुलनेत हिवाळ्यातील मृत्यूंची वाढ फिनलंडमध्ये सुमारे 10 टक्के होती, तर सौम्य हिवाळ्याच्या पोर्तुगालमध्ये सुमारे 28 टक्के. यामागे इतरही कारणे आहेत. पण कडाक्याच्या थंडीच्या देशात घरे थंडीसाठी बांधलेली असतात आणि सौम्य हवेच्या देशात नसतात, हे त्यांतले महत्त्वाचे कारण मानले जाते.

थंडीच्या जोडीने ओल येते, आणि ती सर्वांत आधी दिसते ती कपाटामागच्या कोपऱ्यात. कपाट हातभर पुढे ओढले की भिंतीवर काळ्या ठिपक्यांची नक्षी दिसते, गिलाव्याचे पोपडे निघालेले असतात आणि बोट लावले तर भिंत गार आणि दमट लागते. याचे गणित सोपे आहे. 20 अंशांची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे 17 ग्रॅम बाष्प धरू शकते, तर 10 अंशांची हवा जेमतेम 9 ग्रॅम. श्वास, स्वयंपाक आणि वाळत घातलेले कपडे यांतून बाष्प सतत हवेत मिसळत असते, आणि गार कोपऱ्याशी पोहोचले की ते हवेत मावत नाही. बुरशीला तर पाण्याचे थेंबही लागत नाहीत. भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता काही दिवस 80 टक्क्यांच्या वर राहिली की पुरते. इंधन वाचवण्यासाठी अनेक वृद्ध एकच खोली उबदार ठेवतात आणि बाकीच्या खोल्या बंद करतात. ही काटकसर समजण्यासारखी आहे, पण उबदार खोलीतले बाष्प थंड निजखोलीत जाऊन साचते, आणि रात्रभर श्वास तिथेच घ्यायचा असतो.

बेटांवर यात वारा आणि मीठ यांची भर पडते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की भिंतीवरचा त्याचा दाब चौपट होतो, त्यामुळे दारेखिडक्यांच्या फटींतून उष्णता वेगाने निघून जाते. त्याच वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस भिंतीत मुरतो. भिंतीच्या छिद्रांमध्ये हवेऐवजी पाणी भरले की उष्णता कितीतरी सहज बाहेर जाते, कारण पाणी स्थिर हवेच्या वीसपटींहून अधिक उष्णता वाहून नेते. मिठाचे काम याहून चिवट आहे. आर्द्रता 75 टक्क्यांच्या पुढे गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते, त्यामुळे पाऊस थांबल्यावरही भिंत वाळत नाही. काँक्रीटमध्ये मीठ शिरले तर आतल्या सळया गंजून फुगतात आणि काँक्रीट फोडतात.

उष्ण प्रदेशांत हाच दोष उलट दिशेने बाधतो. नुसत्या पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यातली खोली भट्टी होते, आणि म्हातारपणी तहान व घाम दोन्ही कमी झालेले असतात. 2003 च्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे 15,000 माणसे दगावली, त्यांत वृद्धांचे प्रमाण फार मोठे होते.

दुर्गम भागात घर बहुधा स्वतःचे असते, पण हातात पैसा नसतो. कौल आणि सिमेंट बोटीने आणावे लागते, आणि एका फुटक्या पन्हळीसाठी कारागीर दिवस मोडून येत नाही. म्हणून वेळीच दुरुस्तीने लहानच राहू शकला असता असा दोष वर्षानुवर्षे मोठा होत जातो. स्कॉटलंडने 2019 च्या कायद्यात बेटांवरचा जगण्याचा वाढीव खर्च इंधन-दारिद्र्याच्या, म्हणजे घर पुरेसे उबदार ठेवण्याचा खर्च न पेलण्याच्या, व्याख्येतच धरला आहे. ज्यांना जास्त उबेची गरज आहे, त्यांच्या बैठकीच्या खोलीसाठी तिथे 23 अंशांचे मोजमाप वापरतात. मला हा विचार योग्य वाटतो, कारण तो माणसाच्या सवयीवर विसंबत नाही.

दुरुस्तीत क्रम चुकला तर खर्च वाया जातो. आधी छप्पर आणि पन्हळी, मग फटी आणि वायुवीजन, त्यानंतर उष्णतारोधक थर, आणि तापवण्याचे साधन सर्वांत शेवटी. जुन्या चुन्याच्या दगडी भिंतीला पक्क्या सिमेंटचा गिलावा दिला तर आत शिरलेली ओल आतच कोंडली जाते. थोड्या सुधारणेचाही लाभ मोठा असतो. न्यूझीलंडमध्ये 1,350 कुटुंबांच्या घरांचा अभ्यास झाला आणि 2007 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. उष्णतारोधक थर दिल्यावर निजखोलीचे तापमान सरासरी जेमतेम अर्ध्या अंशाने वाढले, आर्द्रता थोडी उतरली, आणि तरीही श्वसनाच्या तक्रारी कमी झाल्या. त्याच देशातल्या 2015 च्या अभ्यासात पायऱ्यांना कठडे, न्हाणीघरात धरायला दांडे आणि बाहेर दिवा अशा किरकोळ बदलांनी घरातल्या पडण्यामुळे होणाऱ्या दुखापती 26 टक्क्यांनी घटल्या.

या सगळ्याची सुरुवात तापमान आणि आर्द्रता दाखवणाऱ्या एका छोट्या यंत्राने करता येते. ते निजखोलीत पलंगाच्या उंचीवर टांगावे आणि पहाटे वाचावे, कारण घर सर्वांत थंड असते ती हीच वेळ. दोन आठवड्यांचे आकडे तारखेसह वहीत उतरवून ठेवले, सोबत भिंतीवरच्या ओलीची जागा आणि पाऊस कोणत्या दिशेने आला तेही लिहिले, की ते पान पलीकडच्या किनाऱ्यावरच्या गवंड्याला आधीच कळवता येते, आणि तो बोटीत चढताना लागणारे सामान बरोबर घेऊन निघतो.